उपरी कीं मिरासदार? उत्पत्तीच्या पुस्तकांतील मेंढपाळांचा करीना

१. वतनाच्या तंट्याचे जुने कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस 'करीना' म्हणजे काय हें सांगावयास नको. घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला, कोणाच्या कारकीर्दींत त्यास जागा मिळाली आणि त्या दिवसापासून आजपावेतों भोगवटा कसा चालत आला, हें वादी आपल्या तोंडानें सांगतो व कारकून लिहून घेतो. असा कागद हातीं आला म्हणजे संशोधक त्यास तीन प्रश्न विचारतो. सांगणारा कोण व त्यास काय साधावयाचें आहे? कागदांतील शब्द व नांवें त्या काळचीं आहेत कीं मागाहून घातलेलीं? आणि समोरच्या पक्षाच्या दप्तरांत या गोष्टीस कांहीं दुजोरा मिळतो काय? इब्री लोकांच्या धर्मग्रंथांतील पहिलें पुस्तक 'उत्पत्ति'. त्याच्या ४६ व्या व ४७ व्या अध्यायांत मेंढपाळांचें एक घराणें दुष्काळामुळें कनान देश सोडून मिसर देशांत जाऊन राहिल्याची हकीकत आहे. ती धर्मकथा म्हणून पुष्कळांनीं वाचली आहे. येथें आम्ही ती एका घराण्याचा करीना म्हणून वाचणार आहों.

२. हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हें नांव आहे, त्याच्या किनाऱ्यावर नौगांवच्या आसपास आपले पूर्वज गलबत फुटून उतरले अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. तेलाच्या घाण्यावर शनिवारीं काम न करणारे हे 'शनिवार तेली' मराठी बोलत. त्यांच्यांत हिब्रूचा अभ्यास वाढावा म्हणून जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें त्या भाषेचें व्याकरण मराठींत छापिलें, आणि पंडिता रमाबाई यांनीं मूळ भाषांवरून केलेलें संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे हा ग्रंथ आपल्या भाषेस परका राहिलेला नाहीं. दुसरें कारण याहून जवळचें आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरांत गुरें राखून राहिलेल्या घराण्यांस आज सरकार जो प्रश्न विचारतें, तोच या दोन अध्यायांत उभा आहे: तुम्ही येथें उपरी आहां, कीं मिरासदार?

३. हकीकत थोडक्यांत अशी. भावांनीं विकलेला योसेफ मिसर देशांत फारोचा मुख्य कारभारी झाला. दुष्काळ पडल्यावर त्याचा बाप याकोब सर्व कुटुंबकबिला व गुरेंढोरें घेऊन तिकडे निघाला व यहूदा या पुत्रास त्यानें पुढें पाठविलें. योसेफानें भावांस फारोपुढें काय बोलावें तें पढविलें. मग पांच भाऊ फारोपुढें उभे राहिले, फारोनें धंदा विचारला, त्यांनीं उत्तर दिलें व गोशेन प्रांतांत राहूं द्यावें अशी विनंती केली. ती मान्य झाली. पोथ्यांच्या संग्राहकांस एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. ग्रीक भाषांतराच्या सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांपैकीं एक, चौथ्या शतकांतील 'कोडेक्स व्हॅटिकानस', याचीं आरंभींचीं पानें गहाळ आहेत. मूळ हाताचें लिखाण नेमकें ४६ व्या अध्यायाच्या २८ व्या वचनापासून, म्हणजे यहूदास पुढें पाठविल्याच्या जागेपासूनच, शिल्लक आहे. तिच्या मागचा सारा भाग पंधराव्या शतकांत दुसऱ्या हातानें भरून काढिलेला आहे.

४. आतां परीक्षणास लागूं. पहिली विसंगति पढविलेल्या जबाबांत व दिलेल्या जबाबांत आहे. योसेफानें भावांस 'मिक्ने' बाळगणारे म्हणून सांगण्यास शिकविलें. 'मिक्ने' म्हणजे एकंदर पशुधन, आणि त्यांत मालमत्तेचा वास आहे. भाऊ मात्र आपण 'त्सोन' म्हणजे शेरडामेंढरांचे राखणारे असल्याचें बोलून गेले. मेंढपाळ हे मिसरी लोकांस ओंगळ वाटतात अशी टीप कथेंत तेथेंच आहे, म्हणून हा शब्द टाळावयाचा होता असें एक मत आहे. उलट, वस्तीपासून दूरची जागा मिळावी यासाठींच तो उच्चारावयाचा होता, असें दुसरें. आम्हांस दुसरें मत अधिक पटतें, कारण विनंती गोशेनची आहे, राजधानीची नाहीं. जबाबांतील 'आम्ही व आमचे वाडवडील' या अर्थाची जोड ध्यानांत घेण्यासारखी आहे. धंदा वडिलोपार्जित आहे एवढेंच ती सांगते, जमीन वडिलोपार्जित असल्याचें सांगत नाहीं.

५. दुसरी व मुख्य गोष्ट शब्दांची. भावांच्या विनंतींत येणारें क्रियापद 'गूर' आहे. त्यावरून 'गेर' हें नाम झालें. 'गेर' म्हणजे जो दुसऱ्याच्या भूमींत तेथील धन्याच्या आश्रयानें राहतो, ज्यास राहण्याची मुभा आहे परंतु भूमीवर हक्क नाहीं, असा मनुष्य. आपल्या दप्तरांत याचा नेमका जोडीदार 'उपरी' आहे. उपरी कौल घेऊन जमीन कसतो. कौल सरला कीं त्याचा पाय तेथून निघूं शकतो. पुढें ११ व्या वचनांत मात्र योसेफानें बापास व भावांस 'अहुज्जा' दिल्याचें लिहिलें आहे. 'अहुज्जा' म्हणजे धरून ठेवलेली, पुत्रपौत्रीं चालणारी भूमि. मराठी पवित्र शास्त्रांत ताबा व वारसा या अर्थाच्या इब्री शब्दांस 'वतन' हा शब्द ठिकठिकाणीं योजिलेला आहे. तो सोयीचा खरा, परंतु वतनास चाकरी, हक्क व मानपान चिकटलेले असतात. 'अहुज्जा' त्यापेक्षां आपल्या मिरासीस जवळची आहे. सारा भरीत असेतोंपर्यंत मिरासदारास कोणी काढीत नाहीं, आणि तो परागंदा होऊन कित्येक वर्षांनीं परतला तरी आपली मिरास मागूं शकतो. तेव्हां प्रश्न असा कीं, सात वचनांच्या अंतरांत उपऱ्याचा मिरासदार झाला कसा?

६. याचें उत्तर पाठांतरांत मिळतें. हिब्रू पाठांत विनंती संपल्यावर फारो योसेफाकडे वळून त्याचा बाप व भाऊ आल्याचें त्यालाच सांगतो. जणूं काय ही वार्ता योसेफास नवीन आहे, आणि पांच भाऊ समोर उभेच नाहींत! ग्रीक भाषांतरांत क्रम निराळा आहे. तेथें विनंतीमागोमाग तिचें सरळ उत्तर येतें: त्यांस गोशेनांत राहूं दे, व त्यांतील कर्त्या माणसांस माझ्या गुरांवर नेम. यानंतर याकोब व त्याचे पुत्र मिसर देशांत योसेफाकडे आले व फारोनें तें ऐकिलें, असें एक वाक्य पुन्हां नव्यानें सुरू होतें. हें वाक्य हिब्रूंत नाहीं. मग बाप व भाऊ आल्याचें वचन व उत्तम भूमि देण्याची आज्ञा, आणि तिच्या पाठोपाठ रामसेसाची भूमि व 'अहुज्जा'. दोन निराळे वृत्तांत एकापुढें एक ठेवून शिवल्याची शिवण येथें उघडी दिसते. हिब्रूंत कोणीतरी ती दाबून बसविण्यासाठीं वाक्यें मागेंपुढें केलीं, असें पाश्चात्य पाठचिकित्सकांपैकीं अनेकांचें मत आहे व तें आम्हांस ग्राह्य वाटतें.

७. भाषांतरावरून मूळ दुरुस्त करावयाचें हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु मूळ म्हणून जें आपल्या हातीं आहे तीही नक्कलच होय. संपूर्ण हिब्रू पाठाचें सर्वांत जुनें तारीखवार हस्तलिखित, जें लेनिनग्राडच्या नांवानें ओळखिलें जातें, तें इ. स. १००८ च्या सुमाराचें आहे. ग्रीक भाषांतराचा हा भाग इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत तयार झाला. एखाद्या मराठी महजराची नक्कल उशिराची असेल आणि त्याचा फारसी तर्जुमा शंभर वर्षें आधींचा असेल, तर कोणता संशोधक तर्जुम्याकडे पाठ फिरवील? शिवण उसविली म्हणजे दोन्ही वृत्तांत स्वच्छ होतात. एकांत 'गूर', गोशेन, चराई व सरकारी गुरांवरील चाकरी. दुसऱ्यांत उत्तम भूमि, रामसेस व मिरास. एकाच तोंडून दोन्ही गोष्टी निघालेल्या नाहींत.

८. दुसऱ्या वृत्तांताचें वय ठरविण्यास एक नांव उपयोगी पडतें. 'रामसेसाची भूमि' हें नांव दुसऱ्या रामसेसानें (इ. स. पू. १२७९ ते १२१३) पूर्वेकडील त्रिभुजप्रदेशांत वसविलेल्या राजधानीवरून पडलें. याकोबाचा काळ कथेच्या हिशेबानें त्याहून पुष्कळ मागचा. लिहिणारानें आपल्या वेळचें नांव मागच्या गोष्टीस लाविलें. १६५६ पूर्वींचा म्हणून दाखविलेल्या कागदांत रायरीस 'रायगड' म्हटलेलें आढळलें तर आपण काय म्हणूं? कागद सर्वस्वीं खोटा असेंच म्हणणार नाहीं. परंतु तो ज्या तारखेचा म्हणवितो त्या तारखेस लिहिलेला नाहीं, असें निःशंक म्हणूं. येथेंही निर्णय तोच.

९. आतां समोरच्या पक्षाचें दप्तर. योसेफाचें नांव त्यांत सांपडत नाहीं, परंतु अशा प्रसंगाची सरकारी रीत कशी होती तें कळतें. बेनी हसन येथील ख्नुमहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यांत, दुसऱ्या सेनुस्रेताच्या ६ व्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. १९ व्या शतकाच्या आरंभीं, काजळाचा धातु घेऊन आलेल्या ३७ आशियाई लोकांचें चित्र आहे. त्यांच्या पुढें चालणारा मिसरी कारकून हातांतील फलक दाखवीत असून त्यावर वर्ष व माणसांची संख्या लिहिलेली आहे. दुसरा कागद ब्रिटिश म्यूझियममधील सहावा अनास्तासी पपायरस. मेर्नेप्ताह राजाच्या ८ व्या वर्षींचें, सरहद्दीवरील एका अधिकाऱ्याचें पत्र त्यांत आहे. अदोम देशच्या शासू टोळ्यांस किल्ल्यावरून आंत सोडून पेर-आतूमच्या तळ्यांकडे जाऊं दिलें, हेतु हा कीं तीं माणसें व त्यांचीं गुरें जगावीं, असा त्याचा मजकूर आहे. पाणी दिलें, चराई दिली, जीव वांचविले. जमीन दिल्याचें त्यांत अक्षरही नाहीं. पहिल्या वृत्तांताशीं हा कागद हुबेहूब जुळतो, दुसऱ्याशीं जुळत नाहीं.

१०. याहून बळकट पुरावा खुद्द घराण्याच्या तोंडचा आहे. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायांत अब्राहाम आपण 'गेर' असल्याचें हित्ती लोकांपुढें कबूल करून बायकोच्या पुरणासाठीं जागा मागतो. तेथें ४०० शेकेल रुपें तोलून दिलें जातें, वेशींत जमलेले लोक साक्षी असतात, शेत, गुहा व सीमेंतील झाडें यांची मोजदाद होते, आणि मग ती जागा 'अहुज्जा' ठरते. असें चोख खरेदीखत आपल्या दप्तरांतही थोडेंच मिळेल. गोशेनाच्या 'अहुज्जे'स किंमत नाहीं, साक्ष नाहीं, चतुःसीमाही नाहीं. याकोबानें मरणसमयीं पुत्रांस शपथ घातली ती मिसर देशांत न पुरण्याविषयीं. त्यास मकपेल्याच्या त्या विकत घेतलेल्या गुहेंत नेलें. ज्या भूमींत आपलीं हाडें ठेवावयास मनुष्य राजी नाहीं ती त्यानें मिरास मानिली होती, असें कसें म्हणावें?

११. येथें एक आक्षेप घेतां येईल व तो हलका नाहीं. करीना रचणारा मनुष्य कांहीं पदरांत पाडण्यासाठीं रचतो. या घराण्याच्या वंशजांनीं गोशेनावर पुढें कधीं दावा सांगितला नाहीं. मग मिरासीचा शब्द घालण्यांत कोणाचा लाभ? आमचें उत्तर असें कीं, लाभ जमिनीचा नव्हता, अब्रूचा होता. पुढील 'निर्गम' पुस्तकांत याच वंशजांस मिसर देशांत विटा घालणारे वेठबिगार म्हणून दाखविलें आहे. मूळ पुरुष राजाच्या हुकुमानें उत्तम भूमीचा धनी होता असें ठरलें, म्हणजे नंतरचा जुलूम हा नुसता जुलूम न राहतां राजाच्या वचनाचा भंग ठरतो. याच ४७ व्या अध्यायाच्या उत्तरार्धांत योसेफ दुष्काळाच्या निमित्तानें मिसरी रयतेच्या जमिनी फारोसाठीं खरेदी करून त्यांवर पंचमांश सारा बसवितो. मूळच्या रयतेची मिरास जाते आणि बाहेरून आलेल्यांस मिळते, अशी ही मांडणी झाली. तिच्यांत घराण्याचा अभिमान स्पष्ट दिसतो. अशा जागीं संशोधकानें विशेष सावध असावें.

१२. मात्र इब्री लोकांच्या कायद्यानें हा अभिमान पत्करिला नाहीं, आणि आमच्या मतें या प्रकरणाचा निकाल तेथेंच लागतो. परक्यास छळूं नये, कारण तुम्ही स्वतः मिसर देशांत 'गेर' होतां, असा दंडक निर्गम, लेवीय व अनुवाद या तिन्ही पुस्तकांत आहे. कायदा लिहितांना स्मृतीनें कमीपणाचा शब्द निवडिला. आपला कमीपणा सांगणारी साक्ष मोठेपणा सांगणारीपेक्षां अधिक विश्वसनीय, हा आपला नेहमींचा नियम. तो लाविला असतां पहिला वृत्तांत जुना व खरा ठरतो: हीं घराणीं उपरी म्हणून आलीं, चराईच्या कौलावर राहिलीं, आणि मिरासीचा शब्द वंशजांनीं मागाहून घातला.

१३. हाच नियम आपल्या डोंगरांत लावूं जातां उलटें दृश्य दिसतें, आणि त्याकडे लक्ष वेधण्यासाठीं हा लेख आहे. देशावरचे मेंढपाळ धनगर पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोंकणांत येतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवितात, खताच्या मोबदल्यांत धान्य घेतात व पावसापूर्वीं परततात. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा पाऊस मेंढरांस सोसत नाहीं. तेथें कायम राहिले ते गाई-म्हशी बाळगणारे गवळी धनगर. योसेफाच्या भावांच्या जबाबांतील 'मिक्ने' व 'त्सोन' हा भेद आपल्याकडे असा पाऊसमानानेंच घालून दिला आहे. गवळी धनगर उंचावर व कुणबी खोऱ्यांत, अशी वांटणी कशी बसली तें माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनीं १९८२ च्या निबंधांत दाखविलें आहे. बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा हे देव कळपांमागून चालत येऊन गांवोगांव कसे स्थिरावले याचा शोध गुंथर सोंथायमर यांनीं १९७६ च्या जर्मन ग्रंथांत घेतला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९८९ मध्यें निघालें. रायगडावर दूध घालणाऱ्या हिरकणीची दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. तिचा इतिहास म्हणून आधार घेतां येत नाहीं. तरी गडाच्या कुशींत दुभत्यावर जगणारीं माणसें होतीं, इतकी आठवण लोकांनीं तिच्यांत जपून ठेविली आहे.

१४. इब्री घराण्यापाशीं कागद होता व त्यांत हक्क वाढवून लिहिला गेला. आपल्या डोंगरांतील घराण्यांचा भोगवटा खरा, परंतु कागदांत त्याचें नांव नाहीं. जुन्या हिशेबांत तो शोधावयाचा तर पानचराई व वनचराईच्या रकमांत शोधावा लागतो. तेथें गुरांची संख्या मिळते. माणसांचीं नांवें क्वचित् मिळतात. १८७८ च्या जंगल कायद्यानें राने राखीव झालीं व हे लोक सरकारी भाषेंत उपऱ्याहूनही खालीं गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें चराईचा व फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला. परंतु महाराष्ट्रांत धनगर हे अनुसूचित जमातींत मोडत नसून भटक्या जमातींच्या 'क' वर्गांत येतात. म्हणून त्यांस १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, तेथें राहिल्याचें दाखवावें लागतें. पुरावा म्हणून काय चालेल हें २००८ च्या नियमांत दिलें आहे: गॅझेटियर, जमाबंदीचे कागद, जुन्या संस्थानांचीं दप्तरें, वंशावळ, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, विहिरी, देवस्थानें व पुरण्याच्या जागा. ही यादी इतिहाससंशोधकाच्या कपाटाचीच आहे असें कोणासही दिसेल. अब्राहामाची पहिली 'अहुज्जा' एक थडगें होतें, हेंही येथें आठवावें.

१५. यांत दिरंगाई परवडणारी नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये गांवीं दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडी कोसळल्या. २००५ च्या जुलैंत दासगांव व जुई यांवर हाच प्रसंग आला होता. अशा वेळीं माणसांबरोबर पेटींतील सातबारा, देवघरांतील जुना बाड आणि वंशावळ तोंडपाठ असणारा म्हातारा हीं सर्व एकाच घटकेंत मातीखालीं जातात. तळीयेच्या वांचलेल्यांसाठीं नव्या जागीं घरें उभारण्याचें काम म्हाडाकडे दिलें गेलें. सरकारच्या शब्दावर नव्या भूमींत वसणें ही गोष्ट या तालुक्यांत केवळ ग्रंथांतली राहिलेली नाहीं. अशा वसाहतीच्या कागदांत कोणता शब्द पडतो, राहण्याची मुभा कीं मालकी, यावर नातवंडांचा प्रश्न अवलंबून असतो. योसेफाच्या भावांच्या कथेंत तो एक शब्द ठरवावयास दोन हजार वर्षांनंतर दोन भाषांच्या पोथ्या पुढें ठेवाव्या लागल्या.

१६. म्हणून आमची संग्राहकांस विनंती आहे. महाड, पोलादपूर व जावळी या टापूंतील ज्या रुमालांत पानचराई-वनचराईचे हिशेब, धनगरवाड्यांचे कौल, किंवा गवळ्यांकडून येणाऱ्या दुभत्याचे आंकडे असतील, ते फुटकळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्यांची तारीखवार यादी करावी, व ज्या वाडीचा उल्लेख असेल त्या वाडीस त्याची नक्कल पोंचवावी. वृद्धांचे जबाब लिहून घेतांना त्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा ठेवावा. घराणें येथें 'आलें' असें ते म्हणाले तर 'आलें' असेंच लिहावें. त्याचें 'मूळचें येथलेंच' असें करूं नये, आणि करुणेपोटींही तें वाढवूं नये. खरा उपरी तीन पिढ्यांच्या प्रामाणिक पुराव्यानें आपला हक्क मिळवूं शकतो. वाढविलेली मिरास मात्र पहिल्याच उलटतपासणींत फुटते, आणि तिच्याबरोबर खरा भोगवटाही खोटा ठरतो.